गाडीवर कोण बसलंय?

मोटारसायकलवाल्याकडे समाज कोणत्या नजरेने बघत आला, हा प्रश्न परभणी जिल्ह्यातल्या वालूरसारख्या गावात विचारला, तर प्रत्येक पिढी वेगळं उत्तर देईल. सत्तरी ओलांडलेल्यांच्या लेखी फटफटीवरून यायचा तो साहेब. पन्नाशीतल्या शेतकऱ्याला आठवतील गाडीच्या दोन्ही अंगांना अडकवलेले दुधाचे कॅन. लग्नाच्या बैठकीत बसणाऱ्यांसाठी गाडी म्हणजे देण्याघेण्याच्या यादीतलं एक कलम. आणि आज पारावर बसलेले वडीलधारे म्हणतील, ‘या गाडीवरच्या पोरांनी गावाला ताप आणलाय.’ यंत्र तेच आहे. पन्नास-साठ वर्षांत मान, हाव, मत्सर आणि संशय अशा चारही नजरा त्याच यंत्राच्या वाट्याला आल्या.

याचं ठरलेलं स्पष्टीकरण असं, की काळ बदलला आणि पोरं बिघडली. मला ते पटत नाही. समाजाने गाडी कधी पाहिलीच नाही. गाडीवर कोण बसलंय ते पाहिलं. स्वार वरच्या पायरीवरचा होता तोवर त्याचा वेग रुबाबात मोजला गेला. गाडी खालच्या पायऱ्यांवर पोहोचली तसतसा तोच वेग माज ठरू लागला. या लेखात मला एवढंच दाखवायचं आहे, आणि ते दाखवल्यावर आज गाडीवरच्या तरुणाकडे कसं बघावं, हेही सांगायचं आहे.

सुरुवात टंचाईच्या काळापासून करू. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता. सेलूला रेल्वे होती, पण रुळापासून आत गेलं की बैलगाडी, तट्टू नाहीतर पायवाट. इथली जमीन काळी आणि चिकण. पावसाळ्यात हा चिखल चाकाला असा धरतो, की मडगार्डखाली साचलेला गोळा काठीने काढल्याशिवाय चाक फिरत नाही. अशा मुलखात यंत्रावर बसून येणं हीच मोठी गोष्ट होती, आणि ते यंत्र मिळणं त्याहून मोठी.

भारतात मोटारसायकल बनू लागली तीच मुळी सरकारच्या गरजेतून. पन्नासच्या दशकाच्या मध्यावर सरकारने सैन्यासाठी ८०० बुलेट मागवल्या आणि १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्डची जुळणी सुरू झाली. साठच्या दशकाच्या आरंभी म्हैसूरला जावा आणि १९६२ पासून एस्कॉर्ट्सची राजदूत बाजारात आली. पण किती गाड्या बनवायच्या हे कारखानदार ठरवत नव्हता, सरकारी परवाना ठरवत होता. बजाजच्या स्कूटरसाठी लोक नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबत. पैसे मोजूनही जी वस्तू लगेच मिळत नाही, ती ज्याच्याकडे असते त्याच्याकडे ओळख असते, वशिला असतो किंवा खुर्ची असते, हे गाव बरोबर ओळखत असे.

म्हणून सत्तरच्या दशकात गावात गाडीचा आवाज आला की येणारा कोण असेल, याचे अंदाज मोजकेच होते. फौजदार, पंचायत समितीतला अधिकारी, गुरांचा डॉक्टर. १९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हापासून त्यात कर्ज वाटणारे आणि वसुलीला येणारे बँकेचे साहेबही आले. १९७२ साली परभणीत कृषी विद्यापीठ झालं, पुढे जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी जिल्ह्यात आलं, त्याबरोबर शेतीखात्याची आणि पाटबंधाऱ्याची माणसं आली. त्यातल्या अनेकांच्या बुडाखाली राजदूत. दणकट गाडी, साधं दोन-स्ट्रोकचं इंजिन, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, बिघडली तर प्लग काढून घासायचा आणि पुन्हा किक मारायची. गावातल्या ज्या दोन-चार घरी गाडी होती, ती घरं मोठ्या जमिनीची.

या स्वारांना पारावरची माणसं उठून नमस्कार करत. पोरं गाडीमागे धावत. या आदरात भीतीचाही वाटा होता, कारण गाडीवरून येणाऱ्याच्या हातात काही ना काही होतं: नोटीस, मंजुरी, पंचनामा. तरीही ‘गाडीमुळे शांतता बिघडते’, ‘फार जोरात चालवतात’ असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. राजदूतचा आवाज काही मंजुळ नव्हता. धूर तर आजच्या कोणत्याही गाडीपेक्षा जास्त. हेल्मेट कुणाच्याच डोक्यावर नसे. आज तरुणांवर जे आरोप होतात, त्यातले बहुतेक त्या साहेबांवरही करता आले असते. ते झाले नाहीत, यातच माझ्या मुद्द्याचा पहिला पुरावा आहे.

याच काळात अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये मोटारसायकलवाल्याची प्रतिमा नेमकी उलट होती. १९४७ च्या जुलैमध्ये कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर गावी मोटारसायकलस्वारांचा मेळावा भरला आणि तिथे दारू पिऊन धिंगाणा झाला. ‘लाइफ’ साप्ताहिकाने बाटल्यांच्या गराड्यात गाडीवर बसलेल्या एका झिंगलेल्या माणसाचं छायाचित्र छापलं. ते मुद्दाम जुळवून काढलं होतं, असा आक्षेप पुढे घेतला गेला. पण तोवर देशाच्या मनात गाडीवरचा गुंड पक्का बसला होता. १९५३ मध्ये मार्लन ब्रँडोचा ‘द वाइल्ड वन’ आला, तो ब्रिटनच्या सेन्सॉरने १९६७ पर्यंत अडवून धरला. १९६४ मध्ये क्लॅक्टन आणि ब्रायटनच्या किनाऱ्यांवर स्कूटरवाल्या आणि मोटारसायकलवाल्या तरुणांच्या मारामाऱ्या झाल्या, तेव्हा वर्तमानपत्रांनी जणू देशावर संकट कोसळल्यासारखे मथळे दिले.

समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांनी याच प्रकरणावर १९७२ मध्ये ‘फोक डेव्हिल्स अँड मॉरल पॅनिक्स’ हे पुस्तक लिहिलं. अस्वस्थ समाज एखादा गट निवडतो, आपल्या सगळ्या चिंता त्याच्यावर लादतो आणि मग त्या गटाची भीती बाळगतो, असं त्यांनी दाखवलं. निवडलेला गट बहुधा दुबळा असतो. अमेरिकेत मोठ्या संख्येने लोकांकडे मोटार होती; मोटारसायकल चालवणारे बरेचसे कामगार वर्गातले आणि युद्धावरून परतलेले तरुण होते. म्हणून ते तिथे गुंड ठरले. वालूरमध्ये मोटारसायकल हीच पहिली मोटार होती आणि ती अधिकाऱ्याकडे होती. म्हणून तो इथे साहेब ठरला. एकच यंत्र दोन देशांत दोन टोकांना उभं होतं, आणि फरक होता तो फक्त स्वाराच्या पायरीचा.

मग ऐंशीचं दशक आलं आणि आपल्याकडची पायरी हलली. पुण्याच्या कायनेटिकची लूना १९७२ पासून होतीच. तिने शिक्षक, कारकून, पोस्टमन यांना पहिल्यांदा स्वतःचं वाहन दिलं. सरकारने परदेशी सहकार्याला वाट करून दिली आणि १९८५ च्या आसपास जपानी तंत्राच्या १०० सीसी गाड्या आल्या. त्यातल्या हिरो होंडाच्या सीडी १०० ने पेट्रोलचा हिशोबच बदलून टाकला. बजाजची एम-८० खेड्यात ओझ्याची गाडी म्हणून रुजली. त्याच सुमारास औरंगाबादजवळ वाळूजला बजाजचा कारखाना उभा राहिला आणि मराठवाड्यातली पोरं गाड्या चालवण्याबरोबर गाड्या बनवूही लागली. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली. २००१ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे १२ टक्के घरांत दुचाकी होती, २०११ मध्ये २१ टक्के. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जवळजवळ निम्म्या घरांत ती पोहोचलेली दिसते.

या आकड्यांच्या मागे खेड्यातला केवढा बदल आहे, याची नोंद आपण नीट घेतलेली नाही. दूध नासायच्या आत संकलन केंद्रावर पोहोचू लागलं. शेतातून तोडलेली भाजी त्याच सकाळी तालुक्याच्या बाजारात जाऊ लागली. फवारणीचा पंप, खताची गोणी, मोटारीची जळालेली वायंडिंग हे सगळं सीटवर बांधून नेता येऊ लागलं. अडलेल्या बाईला रात्री दवाखान्यात नेण्यासाठी कुणाच्या जीपची विनवणी करायची गरज कमी झाली. कापूस विकून आलेल्या पैशातून दसऱ्या-दिवाळीला घेतलेली गाडी घरातल्या माणसासारखी पूजली गेली, तिला झेंडूचा हार घातला गेला. ज्या गावातून संध्याकाळची एसटी चुकली की मुक्काम पडायचा, तिथल्या माणसाला स्वतःच्या वेळेवर स्वतःचा हक्क मिळाला.

आणि याच वेळी नजर बिघडायला लागली. पहिली बिघडली ती लग्नाच्या बाजारात. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. तरीही गाडी यादीत शिरली आणि मुलाच्या नोकरीप्रमाणे, जमिनीप्रमाणे तिचा भाव ठरू लागला. ‘मोटारसायकल घेण्यासाठी माहेराहून पैसे आण’ या वाक्याने सुरू होणाऱ्या छळाच्या फिर्यादी मराठवाड्यातली वर्तमानपत्रं वर्षानुवर्षं छापत आली आहेत. सासऱ्याच्या कर्जावर घेतलेल्या गाडीवर बसून येणाऱ्या जावयाकडे गावाने कधी संशयाने पाहिलं का? नाही. त्याला पाट मिळाला. माझ्या मते गाडीच्या संपूर्ण इतिहासात निंदेला सर्वांत पात्र कुणी असेल, तर तो हा स्वार. तो मात्र मानाचा पाहुणा राहिला.

दुसरी गोष्ट जातीची, आणि ती अधिक खोल आहे. आपल्याकडे वाहनावर बसण्याचा हक्क जन्मावरून ठरत असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२९ मध्ये चाळीसगावला उतरले, तेव्हा महाराला बसवून टांगा हाकणं एकाही टांगेवाल्याला मान्य नव्हतं. वस्तीतल्या लोकांनी टांगा मिळवला, पण हाकणारा सवयीचा नव्हता. टांग्याला अपघात झाला, बाबासाहेब फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. मुंबई सरकारच्या समितीचा सदस्य, परदेशात शिकलेला बॅरिस्टर, पण गाडी दुसऱ्याची असल्यामुळे प्रवास दुसऱ्याच्या मर्जीवर होता. ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या १९३६ च्या निबंधात त्यांनी चांगले कपडे, धातूची भांडी, जेवणातलं तूप यांवरूनही दलितांवर कसे अत्याचार झाले, याची उदाहरणं दिली आहेत. राग वस्तूचा नव्हता. वस्तू त्या अंगावर, त्या घरात दिसल्याचा होता.

मोटारसायकलने ही मर्जी मोडली. किक मारायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि रस्त्यावर मालक आणि मजूर एकाच वेगाने जाऊ शकतात. मराठवाड्याने हा राग जवळून पाहिला आहे. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव झाल्यावर खेड्यापाड्यांत दलितांची घरं जाळली गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. नेमक्या याच दीड दशकात शिकलेली, नोकरीला लागलेली पहिली दलित पिढी स्वतःच्या गाडीवरून गावात येऊ लागली होती. ‘लई माजलेत’ हा शब्दप्रयोग तेव्हा कुणाला उद्देशून केला जात होता, हे गावोगावच्या जाणत्यांनी स्वतःशी प्रामाणिक राहून आठवावं. हे सगळं संपलं, असं समजण्यात अर्थ नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये तामिळनाडूतल्या शिवगंगा जिल्ह्यात एका दलित विद्यार्थ्याच्या हातांवर वार झाले. तो बुलेट चालवतो याचा राग होता, अशी फिर्याद आहे.

तिसरी गोष्ट बाईची. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. त्यातल्या १२३व्या नियमानुसार मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं असावं लागतं. आपण त्याला साडीगार्ड म्हणतो. जीव वाचवणारा नियम आहे, चांगला आहे. पण बाईची जागा मागे आहे, हे गृहीत त्यात जपलेलं दिसतं. पुढे बसली तर तिला आधी लूना चालायची, मग गिअर नसलेली स्कूटर. गिअरची गाडी घेतली की ‘जरा जास्तच’ असा शेरा. आज गुढीपाडव्याला गिरगावात, डोंबिवलीत नऊवारी नेसून बुलेट चालवणाऱ्या स्त्रियांचे फोटो आपण कौतुकाने छापतो. ते कौतुक खरं असेल तर ते वर्षातून एका सकाळपुरतं राहू नये. रोज उन्हात गाडी चालवत वाडी-तांड्यावर जाणारी आशा कार्यकर्ती किंवा नर्स हीच या गाडीची खरी मानकरी आहे, आणि तिच्या वाट्याला अजून शेरेच येतात.

आता उरतो तो आजचा सर्वांत मोठा आरोपी: बेकार तरुण. त्याच्याविरुद्धचा खटला मी हलका करणार नाही. दुचाकीचा गुन्ह्यासाठी वापर झाला आहे, आणि महाराष्ट्राने त्याची फार मोठी किंमत मोजली आहे. १० ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात निवृत्त लष्करप्रमुख अरुणकुमार वैद्य यांच्यावर गोळ्या झाडणारे मोटारसायकलवरून आले होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे मारेकरी मोटारसायकलवरून पसार झाले. सोनसाखळी ओढून नेणाऱ्यांमुळे शहरात बायका मंगळसूत्र पदराआड करून चालू लागल्या. बदललेल्या सायलेन्सरचा कर्कश आवाज आजारी माणसाची झोप मोडतो. ट्रिपल सीट, हातात मोबाइल आणि डोकं उघडं, हे दृश्य कुणालाही सुखावणारं नाही.

पण या यादीवरून सगळ्या गाडीवाल्या तरुणांचा न्याय करणं चूक आहे. गुन्हा माणूस करतो. दूध पोहोचवणाराही त्याच गाडीवर असतो. वालूरची चक्राकार पायऱ्यांची प्राचीन बारव आज राज्यभर ओळखली जाते, त्यामागे गावकऱ्यांचे श्रम आहेत आणि महाराष्ट्रातल्या बारवांची नोंद करायला निघालेल्या रोहन काळे यांच्यासारख्यांची धडपडही. ते गावोगाव फिरले ते मोटारसायकलवरूनच. वेशीवर नाकाबंदी असती तर तेही फक्त ‘गाडीवरचं एक पोरगं’ ठरले असते.

कोहेन यांचं निरीक्षण इथे तंतोतंत लागू पडतं. जमिनीचे तुकडे झाले, सोयाबीन-कापसाचा भाव बेभरवशाचा, पदवी घेऊन नोकरी नाही, तिशी आली तरी लग्न जमत नाही. ही गावाची खरी चिंता आहे. तिला चेहरा नाही आणि नोटीसही देता येत नाही. गाडीवर भरकन निघून जाणाऱ्या पोराला मात्र चेहरा आहे. म्हणून सगळा राग त्याच्यावर निघतो. त्याच्या हातात पुस्तक, रोजगार किंवा खेळाचं मैदान का नाही, हा प्रश्न बाजूला पडतो आणि त्याच्या हातात अॅक्सिलरेटर का आहे, एवढंच विचारलं जातं.

या संशयाचा सर्वांत वाईट परिणाम असा, की खरा धोका आपल्याला दिसत नाही. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५० हजारांहून अधिक. म्हणजे रस्त्यावर दुचाकीवाला सर्वांत जास्त मरतो. ज्याच्याकडे आपण धोका म्हणून बघतो, तोच सर्वांत मोठ्या धोक्यात आहे. उपद्रवी ठरवलेल्या माणसाच्या मृत्यूवर समाज ‘चालवतच तसा होता’ एवढं म्हणून मोकळा होतो. रस्त्यावरचा खड्डा, दिवे नसलेली उसाची ट्रॉली, वळणावर नसलेला फलक, परीक्षेविना हातात पडलेला परवाना या कुणाचीच मग चौकशी होत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. स्वाराकडे पाहून निवाडा करणं सोडा, वागणुकीकडे पाहून करा, आणि तो सगळ्यांना सारखा लावा. कर्कश सायलेन्सर सरपंचाच्या मुलाचा असो की मजुराच्या, दंड एकच हवा. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातात गाडी देणाऱ्या पालकाला २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. मुलाला शिव्या देण्याआधी गावाने बापाला तो कायदा वाचून दाखवावा. यादीत गाडी मागणाऱ्या घरात मुलगी देऊ नये आणि अशा घराच्या लग्नाला जाऊही नये. कुणाच्या गाडीवर जातीवरून शेरा मारला जात असेल, तर पारावरच त्याला अडवावं. मुलीला गिअरची गाडी शिकवावी, भावाला शिकवली त्याच वयात आणि त्याच मैदानात.

आणि गाडी घेणाऱ्या प्रत्येक तरुणाला एक विनंती. तुझ्या आजोबांच्या काळात या सीटवर बसायचा मान मोजक्यांना होता. तो तुझ्यापर्यंत यायला दोन पिढ्या लागल्या आणि वाटेत कित्येकांनी त्यासाठी मार खाल्ला. तुझ्याकडे संशयाने बघणाऱ्यांना उत्तर देण्यासाठी सायलेन्सर बदलायची गरज नाही. परवाना काढ, हेल्मेट घाल, त्याचा पट्टा लाव, आणि रोज घरी परत ये.